डोंगरआजाची हुडहुडी

चला, पाय आत घ्या. सगळ्यांना पांघरूण पुरतंय ना? आज मी दमलेय, बरं का. सकाळपासून बूड टेकलेलं नाही. तेव्हा गोष्ट हळूहळू सांगणार, आणि मधे मधे थांबणार. थांबले तर झोपले असं समजू नका. नुसते डोळे मिटलेत असं समजा.

तर एक होता राजा. राज्य काही फार मोठं नव्हतं त्याचं. सात गावं, एक नदी आणि एक डोंगर. पण तो डोंगर म्हणजे डोंगर नव्हताच. जवळ गेलं की कळायचं, हे तर नाक, ही हनुवटी, हे पोट. तो होता एक म्हातारा राक्षस. उताणा झोपलेला, गुडघे वर करून. किती वर्षं झोपला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाईट नव्हता हो. कधी कुणाला खाल्लं नाही, कुणाला भेडसावलं नाही. लोक त्याला डोंगरआजा म्हणायचे. त्याच्या डाव्या गुडघ्यावर एक गाव वसलं होतं, त्याचं नावच गुडघेवाडी. बाकीची सहा गावं त्याच्या अंगाला टेकून.

एकदा काय झालं, पौषाचा महिना होता. पहाटेची वेळ. एकाएकी जमीन थरथरायला लागली. फळीवरची भांडी खाली आली. गायी दावी तोडून पळाल्या. अकरा घरं पडली. गुडघेवाडीत तान्हूबाई म्हणून एक सूत कातणारी होती, तिचा नवरा भिंतीखाली सापडला. जीव वाचला, पण कमरेतून गेला बिचारा. तो पुन्हा उठून चालला नाही.

मग राजा डोंगरआजाच्या कानापाशी गेला. ढोल वाजवले, शिंग फुंकलं. आजाने एक डोळा उघडला.

"आजोबा, असं का हलता?" राजाने विचारलं.

"मुद्दाम नाही हलत," आजा म्हणाला, आणि त्याच्या श्वासाने राजाचा फेटाच उडाला. "थंडी वाजते मला. हुडहुडी भरते. काहीतरी ऊब द्या. तीन हिवाळे कसेबसे काढतो. नाहीच जमलं तर उठतो आणि समुद्राकडे जातो. तिकडे थंडी नसते म्हणतात."

आता आजा उठला असता तर काय झालं असतं, सांगा बरं? सातही गावं मातीत गेली असती.

राजा परत आला आणि विचार करत बसला. आजाच्या अंगावर पूर्वी दाट रान होतं. ते लोकांनीच तोडलं होतं, चुलीला आणि घरांना. राजाला वाटलं, तेच त्याचं पांघरूण. आपण काढून घेतलं. म्हणजे आता त्याला दुसरं पांघरूण द्यायला हवं. एवढं मोठं घोंगडं विणायला हवं, की नाकापासून पायापर्यंत पुरेल.

त्या राज्यात घोंगडी विणणारे सणगर पुष्कळ होते. पण सगळ्यांत चांगला हात होता भिवराबाईचा. पन्नाशीची बाई. नवरा वारलेला, लेकी सासरी. घरी माग आणि ती. तिने विणलेलं घोंगडं डोक्यावर घेऊन मुसळधार पावसातून जावं, केस ओला व्हायचा नाही.

राजाने तिला बोलावलं. म्हणाला, "भिवराबाई, आजपासून तू ह्या कामाची कारभारीण. सातशे माणसं तुझ्या हाताखाली."

ती म्हणाली, "महाराज, मला माग चालवता येतो. माणसं चालवता येत नाहीत."

राजा म्हणाला, "एकच आहे ते."

एकच नव्हतं, बरं का. पण राजाला सांगणार कोण?

मग काम सुरू झालं. कोण काय करणार ते सांगते, नीट ऐका. बिरू धनगर आणि त्याचे लोक मेंढ्या कातरणार. दस्तगीरचाचा पिंजारी ती लोकर पिंजून कापसासारखी मोकळी करणार. तान्हूबाई आणि तिच्या बाया चरख्यावर सूत काढणार. सणगर त्याला चिंचोक्याची खळ लावून लांबलांब पट्टे विणणार. आणि शेवटी दाभणाने पट्टे जोडून एक घोंगडं करायचं.

पहिल्या वर्षी भिवराबाईने काय केलं? सगळं आपणच केलं. तान्हूबाई सूत काढायची, तर ही तिच्या हातातून चरखा घ्यायची. "असं नाही, आण इकडे." सणगराने पट्टा विणला, की ही काठ बघायची. काठ वाकडा. मग सगळा पट्टा उसवायचा आणि स्वतः बसून पुन्हा विणायचा. खळ तीच शिजवणार, दाभणं तीच मोजणार. सातशे माणसं हात बांधून बसलेली. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "थांबा, मी येते." ती येईपर्यंत दिवस मावळायचा.

भाकरी उभ्यानेच खायची. कधी खायचीच नाही. डोळे आत गेले, बोटांना चिरा पडल्या. लोक म्हणायचे, बाई किती राबते. तिलाही तसंच वाटायचं. मी इतकी राबतेय म्हणजे काम होतच असणार.

मार्गशीर्ष आला. घोंगडं आजाच्या अंगावर घातलं. तर ते कुठवर आलं? पावलांपासून गुडघ्यांपर्यंत. तिथेच संपलं.

आजाने मान उचलून पाहिलं. "पाय झाकले गेले, पोरी," तो म्हणाला. "छान विणलंयस. पण माझी पाठ..."

भिवराबाईने पुढचं ऐकलंच नाही. तिच्या डोक्यात एकच, घोंगडं अपुरं पडलं. ती पाठ फिरवून मापं घ्यायला निघून गेली.

त्या हिवाळ्यात आजा पाच वेळा हुडहुडला. नऊ घरं पडली.

मग दुसरं वर्ष आलं. भिवराबाई मनाशी म्हणाली, मी फार मऊपणा केला. लोक बसून राहिले आणि मी एकटी मेले. आता असं चालायचं नाही. मग ती कामाच्या मांडवात एका उंच चौथऱ्यावर उभी राहायला लागली. तिथून ओरडायची. कुणाचं सूत तुटलं तर सगळ्यांदेखत बोलायची. कुणी म्हणालं, बाई, हे असं जमणार नाही, तर म्हणायची, "जमत नसेल तर घरी जा." दमलेल्या माणसाला राग लवकर येतो, बरं का. आणि ती तर पहिल्या वर्षापासून दमलेलीच होती.

हळूहळू काय झालं, मांडवात सगळे एकच शब्द बोलायला लागले. "हो, बाई." काम झालं का? हो, बाई. पट्टा पक्का आहे का? हो, बाई. भिवराबाईला वाटलं, वा, आता घडी बसली.

घोंगडं मात्र वेळेत झालं. पुऱ्या मापाचं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सातही गावं बघायला जमली. तान्हूबाईने आपल्या नवऱ्यालासुद्धा बैलगाडीत घालून खाली आणलं, म्हणाली, तूही बघ. चारशे बैल लावून घोंगडं ओढत वर नेलं. आजाने हात पुढे केला, ते धरलं आणि हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

आणि ते मधोमध फाटलं.

आवाजसुद्धा आला नाही. जीर्ण पान फाटावं तसं फाटलं. आतून कुबट वास सुटला. लोकर आतल्या आत कुजलेली होती.

वाऱ्याची एक झुळूक आली, तसा आजा थंडीने कळवळला आणि कुशीला वळला. पुन्हा उताणा झाला. एवढंच. पण तेवढ्यात नदीने पात्र बदललं, आणि गुडघेवाडी अख्खी खाली घरंगळत आली. घरं, चुली, तुळशी, सगळं. माणसं तेवढी खाली जत्रेसारखी जमली होती, म्हणून वाचली.

तान्हूबाई गाडीच्या चाकाला धरून उभी होती. ती रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुझं अंथरूण आत होतं."

तुम्ही जागे आहात ना? बरं. मी जरा पाणी पिते.

तर मग भिवराबाई तडक दस्तगीरचाचाकडे गेली. लोकर त्यांच्या ताब्यात होती. चाचा साठीचे. पिंजायची कमान मांडीवर घेऊन नुसते बसले होते.

"लोकर कुजलेली होती," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," चाचा म्हणाले.

"कधीपासून?"

"श्रावणापासून. कोठाराचं छप्पर गळलं. निम्मी लोकर भिजली."

"मग मला सांगितलं का नाही?"

चाचांनी कमान खाली ठेवली. "सांगायला आलो होतो, बाई. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आलो. तुम्ही म्हणालात, रडगाणं नको, काम झालं का ते सांगा. पुन्हा चार दिवसांनी आलो. तुम्ही चौथऱ्यावरून हातानेच म्हणालात, जा. तिसऱ्यांदा मांडवाच्या दारापर्यंत आलो. आत तुम्ही एका पोरीला बोलत होता. ते ऐकलं आणि मागे फिरलो."

भिवराबाई म्हणाली, "तिसऱ्यांदा आत यायला हवं होतं."

"हवं होतं," चाचा म्हणाले. "ती माझी चूक. पण मीही माणूस आहे, बाई. दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा गिळवलं नाही."

भिवराबाई तिथेच जमिनीवर बसली. भांडायला आली होती, पण भांडण कुठे गेलं तिलाच कळेना. तिला एकदम जाणवलं, की आपण किती दमलोय. नुसते हातपाय नाहीत. आतून. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तिने तो सगळा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी राजाने दरबार भरवला. राजा संतापलेला होता. म्हणाला, "लोकर कुणाच्या ताब्यात होती? त्याला बेड्या घाला."

भिवराबाई पुढे आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "महाराज, चाचा मला सांगायला आले होते. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

अशी गोष्ट त्या दरबारात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"मग दुसरा कारभारी नेमतो," राजा म्हणाला. "कोण होतंय पुढे?"

सणगरांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. प्रधानजींनी छताकडे पाहिलं. कुणीच पुढे आलं नाही.

"मग राहा तूच," राजा म्हणाला. आणि उठून गेला.

असं झालं बघा. कुणी हार घातले नाहीत की शाबासकी दिली नाही. दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून ते काम तिच्याकडे राहिलं.

घरी जाऊन भिवराबाई दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेतली आणि आजाच्या डोक्याकडे चढायला लागली. खांद्यावरून मानेवर, मानेवरून कानाजवळ. दुपार झाली. कानाच्या पाळीवर गवत उगवलं होतं, तिथे ती टेकली.

"आजोबा," ती म्हणाली, "मी घोंगडीवाली."

"ओळखलं," आजा म्हणाला. हळूच बोलला, ती उडून जाऊ नये म्हणून.

"मी फार दमले, आजोबा."

"मीसुद्धा," आजा म्हणाला. "गेली दोन वर्षं माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

मग दोघं थोडा वेळ तशीच बसली. म्हणजे ती बसली, तो आडवा. ऊन चांगलं पडलं होतं. भिवराबाईने विचारलं, "आजोबा, थंडी नेमकी कुठे वाजते?"

आजाने दोन्ही डोळे उघडले. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "पाठीला वाजते, पोरी. पोटावर तर ऊन येतं, वरून मला काही नको. पण पाठीखाली पूर्वी गरम पाण्याचे झरे होते. ते आटले. आता खाली नुसता गार दगड आहे, आणि ओल. ती ओल हाडांत शिरते आणि मग हुडहुडी भरते."

"म्हणजे तुम्हाला पांघरूण नकोच होतं?"

"अंथरूण हवं होतं. मागे सांगत होतो मी. तू निघून गेलीस."

भिवराबाईला हसावं की रडावं ते कळेना. अंथरूण म्हणजे नुसतं पाठीपुरतं. घोंगड्याच्या निम्मंसुद्धा नाही. दोन वर्षं सातशे माणसं राबली, घरं पडली, आणि विचारायला लागले होते चार शब्द.

मग ती खाली आली. आणि तिसरं वर्ष सुरू झालं.

पहिल्या दिवशी तिने चौथरा पाडून टाकला. दुसऱ्या सकाळी मांडवात सगळ्यांबरोबर खाली बसली आणि विचारलं, "काल काय बिघडलं?"

कुणी बोलेना. कोण बोलणार? मागल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. मग ती स्वतःच म्हणाली, "काल माझी खळ करपली. एक अख्खी कढई वाया गेली." आणि कामाला लागली.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सगळे गप्प. पुन्हा तिने आपलंच काहीतरी सांगितलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तान्हूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "माझं सूत कमी भरतंय, बाई. नवऱ्याला कुशीवर वळवायला दर तासाला घरी जावं लागतं. नदीकाठी पाल ठोकून राहतोय आम्ही. लांब पडतं."

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या, आता बाई काय बोलते म्हणून.

भिवराबाई म्हणाली, "चरखा घरी घेऊन जा. तिथेच कात. झालेलं सूत बिरू येता जाता आणेल." आणि म्हणाली, "हे मागल्या वर्षीही होतंच ना?"

"होतंच," तान्हूबाई म्हणाली.

त्यानंतर लोक बोलायला लागले. रोज काहीतरी निघायचं. दाभण बोथट झालंय. दोघा सणगरांचं पटत नाही. एकाला तर दिसतच कमी होतं आणि तो लाजेने सांगत नव्हता. भिवराबाई ऐकायची. कधी उपाय सुचायचा, कधी नाही सुचायचा. नाही सुचला तर विचारायची, "तुम्ही काय केलं असतंत?"

दस्तगीरचाचांना ती म्हणाली, "लोकरीच्या बाबतीत शब्द तुमचा. मी मधे येणार नाही." आणि आली नाही. सोपं नव्हतं ते. कुणाचा काठ वाकडा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. मग ती हात मांडीखाली घालून बसायची. खरंच, अगदी अशी. आणि काठ थोडा वाकडाच राहायचा. राहू दे. पाठीखाली जायचा होता तो.

आणखी एक केलं तिने. सूर्य कलला, की काम बंद. सगळ्यांना घरी पाठवायची, आणि स्वतःही जायची. बसून जेवायची. सुरुवातीला तिला झोपच यायची नाही, वाटायचं, काहीतरी राहिलंय. राहिलेलं असायचंच. ते सकाळी करायचं.

सगळं गोड झालं असं समजू नका. कार्तिकात दस्तगीरचाचा सकाळच्या बैठकीत उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाई, ह्या वर्षी मेंढ्यांना खरूज झाली होती. तिसरा हिस्सा लोकर पिंजताना हातात तुटतेय. ती वापरली तर पुन्हा मागल्यासारखं होईल. टाकून द्यावी लागेल."

आणि मार्गशीर्ष तर एका महिन्यावर आलेला. हा तिसरा हिवाळा. ह्यानंतर आजा थांबणार नव्हता.

भिवराबाईची कानशिलं तापली. तिला ओरडावंसं वाटलं. बिरूवर, मेंढ्यांवर, चाचांवर. आधी का नाही बघितलंत, असं अगदी जिभेवर आलं. तिने ते तिथेच धरून ठेवलं. मग म्हणाली, "बरं झालं आज सांगितलंत. टाकून द्या ती." आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "आता लोकर कमी आहे. पदरावर पदर घालून जाड करायचं होतं, पण आता अंथरूण पातळ होणार. मला काही सुचत नाही. कुणाला सुचतंय का?"

बिरू धनगर खाकरला. तो एरवी बोलायचाच नाही, माणसांपेक्षा मेंढ्यांशी जास्त सवय. म्हणाला, "आम्ही रानात झोपतो, बाई. घोंगडं एकच असतं. ओली जमीन असली की खाली आधी वाळलेला पाला टाकतो, वीतभर. मग वर घोंगडं. पातळ असलं तरी चालतं. ओल पाल्यातच अडते."

दस्तगीरचाचांनी विचारलं, "आजाला किती पाला लागेल?"

"पुरुषभर उंच," बिरू म्हणाला. "नदीपलीकडच्या रानात पडलाय ना. गोळाच करायचा."

मग काय, सातही गावं निघाली. म्हातारी, पोरं, सगळी. सागाचा पाला, ऐनाचा पाला, पळसाचा पाला. गाड्या भरभरून आणला, खळ्यांवर पसरून कडकडीत वाळवला.

आणि मार्गशीर्षातली ती सकाळ उजाडली. भिवराबाई आजाच्या कानात जाऊन म्हणाली, "आजोबा, आता कुशीला वळा. पण हळू. आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहा."

आजा वळला. इतक्या हळू वळला, की नदीतलं पाणी फक्त एकदा डुचमळलं.

मग लोक कामाला लागले. आधी पाला. बिरू पुढे उभा राहून सांगत होता, इथे जाड टाका, तिथे खांदा येणार. त्यावर पट्टे उलगडत गेले, एकाशेजारी एक. चाळीस जण दाभणं घेऊन जोडत होते. दस्तगीरचाचा प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवत होते. एक पट्टा त्यांनी परत पाठवला, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

दुपारी आजा कुरकुरला, "हाताला मुंग्या आल्या, पोरी."

"थोडंच राहिलंय, आजोबा," भिवराबाई म्हणाली.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला काही कामच नाही. कुणी काही विचारायला येत नव्हतं. ज्याला त्याला आपलं काम ठाऊक होतं. तिने दोन फेऱ्या मारल्या, एका बाईला पाणी नेऊन दिलं. मग उगीच उभी राहिली. तिला जरा चुकल्यासारखं झालं. मग बरं वाटलं.

ऊन उतरायच्या आत शेवटचा टाका पडला. सगळे लांब सरकले. आजा हळूहळू पाठीवर आला. खाली पाला चुरचुरला. मग सगळं शांत झालं.

लोकांनी जमिनीला हात लावले. थरथर येते का बघत. तान्हूबाई नवऱ्याजवळ बसली होती, त्याचा हातही तिने मातीवर टेकवला. वारा सुटला, चांगला बोचरा. सगळे वाट बघत राहिले.

जमीन हलली नाही.

"आली रे आली, ऊब आली," आजा पुटपुटला, कुणाशी कोण जाणे. "पाठीला बरं वाटतंय." मग त्याने एवढी मोठी जांभई दिली, की झाडांवरचे पक्षी उडाले आणि परत येऊन बसले. आणि तो घोरायला लागला. त्याचं घोरणं म्हणजे कसं, तर लांब कुठेतरी जातं फिरत असावं तसं. एकसारखं.

सूर्य कलला होता. सूर्य कलला की काम बंद. भिवराबाईने मांडवात एक पोतं ओढलं, त्यावर आडवी झाली आणि तिथेच तिला झोप लागली. सगळे आवराआवर करत होते, पण तिच्या बाजूने जाताना पावलं हळू टाकत होते. कुणीतरी तिच्या अंगावर लुगडं घातलं. दस्तगीरचाचा शेजारी बसून माश्या वारत राहिले.

थोड्या वेळाने राजा आला. वाजतगाजत आला, हातात सोन्याचं कडं, बरोबर प्रधानजी. चाचांनी वर पाहिलं. म्हणाले, "महाराज, थांबावं लागेल. बाई झोपल्यात."

राजा आधी चाचांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मग त्याने वाजंत्री बंद करायला लावली, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि चाचांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला.

पुढे भिवराबाई पुष्कळ वर्षं कारभारीण होती. तिने पूल बांधले, कोठारांची छपरं शाकारली, गुडघेवाडी नदीकाठी पुन्हा वसवली, तान्हूबाईला तिथे पक्कं घर बांधून दिलं. काही कामं साधली, काही फसली. डोंगरआजा अजून झोपलाय. सातही गावं सुखात आहेत, आणि सगळ्यांना पुरेशी झोप मिळते.

झालं. एवढीच आहे गोष्ट. कुशीला वळा आता. मीही दिवा मालवते.